तारेवरच्या कार्डांचा गठ्ठा फोडू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या पोस्टकार्डांच्या संग्रहाविषयीचा लेख आवडीने वाचला. इंग्रजी अमदानीत छापलेली महाबळेश्वरच्या पॉइंटांची छायाचित्रे, विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रकार म. वि. धुरंधरांनी मुंबईच्या लोकजीवनावर काढलेली कार्डे आणि रविवर्मा छापखान्याची देवदेवतांची कार्डे यांचे मोल लेखात यथायोग्य सांगितले आहे. मात्र चित्र नसलेले साधे सरकारी कार्ड त्यात एका वाक्यात किरकोळ ठरवले गेले, याचे वाईट वाटले. गेली तीस वर्षे मी सातारा-सांगली भागातील अशी साधी कार्डे जमवीत आलो आहे आणि आपल्या मुलखाचा इतिहास चित्रांपेक्षा त्यांतच अधिक उतरला आहे, असे माझे ठाम मत आहे.

पोस्टकार्ड प्रथम निघाले ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी आले. राणी व्हिक्टोरियाची छापील मुद्रा असलेल्या त्या कार्डाची किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा होती. बंद पत्राला अर्धा आणा पडत असे. त्यामुळे ज्या घरातून एरवी वर्षाकाठी एखादेच पत्र निघाले असते, त्या घरालाही महिन्याला खुशाली कळवणे परवडू लागले. १९२२ साली दर दुप्पट होऊन अर्धा आणा झाला, तोपर्यंत कार्ड खेड्यापाड्यांत पक्के रुजले होते. याउलट चित्रकार्डे बहुतांशी साहेबांनी विकत घेऊन विलायतेला धाडली, म्हणून महाबळेश्वरची जुनी कार्डे आजही तिकडच्या बाजारातून परत विकत आणावी लागतात. त्यांवर डोंगर आपला असला तरी मजकूर आपला नसतो.

साध्या कार्डाची पत्त्याची बाजू कशी वाचावी, हे नव्या संग्राहकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. तारीख पुसली असली तरी पत्ता काळ सांगतो. ‘ता. तासगाव, जि. सातारा’ असे लिहिले असेल तर ते कार्ड बहुधा १९४९ पूर्वीचे समजावे, कारण त्या वर्षी सातारा जिल्ह्याची विभागणी झाली आणि तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे तालुके दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले. ‘जि. दक्षिण सातारा’ हे शब्द दिसले, तर कार्ड १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतले असण्याचा संभव फार मोठा, कारण १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. ‘मु. पो. आटपाडी, संस्थान औंध’ हा पत्ता १९४८ साली संस्थान विलीन झाल्यानंतर सहसा येत नाही. छापील किमतीपुढे ‘नये पैसे’ असतील तर १ एप्रिल १९५७ नंतरचा काळ, आणि पिनकोडसाठी सहा चौकटी असतील तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. (पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी संस्कृत पंडिताची, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.) लोक मात्र सवयीने जुनाच जिल्हा पुढे कितीतरी वर्षे लिहीत राहिले. म्हणून पत्ता आणि टपालाचा शिक्का हे दोन्ही ताडून पाहावे लागतात.

काही वर्षांपूर्वी मिरजेतील एक जुना वाडा उतरवताना माजघराच्या खुंटीवर तारेला टोचलेली सुमारे अडीचशे कार्डे निघाली. घर हळदीच्या व्यापाऱ्याचे होते. मुंबईच्या अडत्यांची भावाची कार्डे, हरिपूरचे कोणते पेव (हळद साठवण्याचे जमिनीतले कोठार) उघडले आणि माल कसा निघाला याची हकिकत, मोडीतला हिशेब आणि मधूनच सासुरवाशिणीचे बालबोध अक्षरातले चार ओळींचे पत्र, असे सारे एकाच तारेवर होते. जसजसे कार्ड येई तसतसे ते वरून टोचले जाई, त्यामुळे तारेवरचा क्रम हाच त्या घराचा कालक्रम होता.

त्या गठ्ठ्यात मृत्यूची वार्ता देणारे एकही कार्ड नव्हते, आणि ते असणारही नव्हते. कोपरा फाडलेले कार्ड आले की ते वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, ही रीत जुन्या वाचकांना आठवत असेल. पण एका पुतण्याची ओळीने लागलेली कार्डे वाचताना मी थबकलो. प्रत्येक कार्डाच्या शेवटी तो नेमाने ‘ती. सौ. आत्याबाईंस शि. सा. नमस्कार’ असे लिहीत असे. श्रावणातल्या कार्डापर्यंत तो मजकूर तसाच आहे. कार्तिकातल्या कार्डावर ‘गं. भा. आत्याबाईंस’, म्हणजे विधवेला लावायचे ‘गंगा भागीरथी’, असे आहे, आणि बाकी सारा मजकूर हळदीच्या भावाचा आहे. ही दोन कार्डे वेगवेगळ्या संग्राहकांकडे गेली असती, तर ती दोन्ही सामान्यच ठरली असती.

दुर्दैवाने नेमके असेच घडत असते. याच तारेवरची साठ-सत्तर कार्डे माझ्या आधी एका खरेदीदाराने नेली आणि राजाच्या मुद्रेचे छापील तिकीट कात्रीने कापून उरलेले कार्ड रद्दीत घातले. तिकिटाबरोबर त्यावरचा शिक्का गेला, शिक्क्याबरोबर टपाल कचेरीचे नाव आणि तारीख गेली, आणि मागच्या बाजूच्या मजकुराला चौकोनी भोक पडले. त्यांतली अकरा कार्डे मला रद्दीतून मिळाली. ती मी फेकली नाहीत, पण ती वाचताना आजही हात जड होतो.

दुसरे संकट पाण्याचे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा एका स्नेह्यांची कार्डांची ट्रंक तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर आम्ही कार्डे सुटी करून पंख्याखाली वाळवली. फाउंटन पेनच्या निळ्या शाईने लिहिलेला बहुतेक मजकूर धुऊन गेला होता, शाईच्या पेन्सिलीची अक्षरे जांभळी होऊन पसरली होती, आणि साधी शिसपेन्सिल व बोरूची काजळी शाई मात्र जवळपास जशीच्या तशी होती. नदीकाठच्या घरांनी असा ठेवा वरच्या मजल्यावर ठेवावा. कार्डांना चिकटपट्टी लावू नये आणि ती लॅमिनेट तर मुळीच करू नयेत.

ज्यांच्या घरात अशी तार अजून खुंटीवर असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कार्डे काढण्यापूर्वी तारेचा एक फोटो घ्यावा, प्रत्येक कार्डाच्या कडेला शिसपेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक घालावा आणि मगच गंजलेली तार सावकाश ओढावी. विकायचीच असतील तर सारा गठ्ठा एकत्र विकावा. हयात माणसांच्या खासगी गोष्टी असलेली पत्रे मोबाइलवरून गावभर पाठवू नयेत. त्यांवर पहिला हक्क त्या घराचा आहे. मोडी वाचता येत नाही म्हणून कोणी गठ्ठा टाकून देणार असेल, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे. मी घरी येऊन, कार्डे घराबाहेर न नेता, ती विनामोबदला वाचून बालबोधीत उतरवून देईन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सांगली