‘नव्याण्णव टक्के अचूक’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खोट्या बातम्या आपोआप ओळखणाऱ्या संगणक प्रणालींविषयी हल्ली जे छापून येते, त्यात नव्वद टक्क्यांच्या वरच्या अचूकतेचा उल्लेख हमखास असतो. ही अचूकता कशावर मोजली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते, म्हणून हे पत्र.

मशीन लर्निंगवर आधारलेली अशी प्रणाली सहसा बातमीची शहानिशा करत नाही. खरी किंवा खोटी अशी नोंद आधीच केलेल्या हजारो बातम्यांची शब्दरचना ती शिकते आणि नवा मजकूर त्यांपैकी कोणत्या गटाशी अधिक जुळतो, एवढेच सांगते. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाचा ‘आयसॉट’ हा बातम्यांचा संच या कामासाठी बराच वापरला जातो. त्यातील खऱ्या बातम्या रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या असून बहुतेकींच्या सुरुवातीलाच त्या संस्थेचे नाव येते. ते काढून न टाकता प्रणालीला शिकवले, तर ती सत्य नव्हे, वृत्तसंस्था ओळखायला शिकते, आणि तरीही अहवालात अचूकता नव्याण्णव टक्के दिसते! याउलट, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लायर’ या संचात तथ्य-पडताळणी करणाऱ्या ‘पॉलिटिफॅक्ट’ने तपासलेली सुमारे 12,800 छोटी विधाने खरेपणाच्या सहा पायऱ्यांत विभागली होती, तेथे संशोधकांच्या सर्वोत्तम प्रणालीला जेमतेम 27 टक्के अचूकता गाठता आली.

समजा, अचूकता खरोखरच 95 टक्के आहे, खऱ्या बातम्यांबाबतही आणि खोट्यांबाबतही. दहा हजार बातम्यांत शंभर खोट्या असतील, तर त्यांपैकी 95 पकडल्या जातील, हे उत्तमच. परंतु उरलेल्या 9,900 खऱ्या बातम्यांपैकी 495 बातम्यांवरही खोटेपणाचा शिक्का बसेल. म्हणजे प्रणालीने खोट्या ठरवलेल्या 590 बातम्यांत पाचांपैकी चारांहून अधिक खऱ्या निघतील. या 495 बातम्या कोणाच्या असतील, याचा विचार कोणी करताना दिसत नाही. माझ्या मते, प्रस्थापित वृत्तसंस्थांच्या साच्यात न लिहिणारी छोटी पत्रे, उपहासात्मक लेखन आणि प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटणारी पण खरी असलेली बातमी यांनाच त्याचा फटका अधिक बसेल. शिवाय बातमीचे विषय सतत बदलतात. 2019 पर्यंतच्या मजकुरावर शिकलेल्या प्रणालीला ‘कोविड’ हा शब्दही ठाऊक नव्हता.

यंत्राचा उपयोगच नाही, असे मला म्हणायचे नाही. तथ्य-पडताळणी करणाऱ्यांनी एकदा खोडून काढलेला दावा थोडे शब्द बदलून पुन्हा फिरू लागला, की तो जुन्या दाव्याशी जुळवून दाखवणे किंवा रोजच्या प्रचंड मजकुरातून तपासण्याजोगी विधाने वेगळी काढून माणसापुढे ठेवणे, ही कामे ते चांगल्या प्रकारे करू शकते. मात्र मजकूर काढून टाकण्याचा किंवा दडपण्याचा निर्णय केवळ त्याच्या अंदाजावर सोपवणे मला सर्वस्वी अयोग्य वाटते.

आपणांस विनंती एवढीच, की यापुढे अशा प्रणालीची बातमी देताना ती कोणत्या भाषेतील व कोणत्या काळातील मजकुरावर शिकली, शिकताना न पाहिलेल्या स्रोतांवर तिची परीक्षा घेतली होती का आणि तिने किती खऱ्या बातम्या खोट्या ठरवल्या, हे आपल्या वार्ताहरांनी संबंधितांना विचारावे आणि मिळालेले उत्तर अचूकतेच्या आकड्याशेजारीच छापावे.

आपला,
एक नियमित वाचक