बाकं मोजत पाहिलेलं संग्रहालय

ॲमस्टरडॅम

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कालचा अख्खा दिवस राइक्सम्युझियममध्ये गेला. बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे: किती बघून झालं? हिशेब तुम्हीच करा. ८० दालनं, मांडलेल्या वस्तू ८,०००च्या आसपास. एकेकीला एक मिनिट धरलं तरी १३३ तास. रोज आठ तास उभं राहिलं तर सतरा दिवस. माझ्याकडे एकच होता, म्हणून यादी करून टिक मारायची तुमची सवय मी खालीच, कोट आणि सॅकबरोबर जमा करून टाकली.

वर गेले ती थेट डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘दूधवाली’पाशी. १६६०च्या सुमाराचं चित्र. आई, ते जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच आहे गं! इतकं नावाजलेलं चित्र म्हणजे भिंतभर असणार, असं मी धरून चालले होते. एक धट्टीकट्टी बाई, बाह्या वर सारलेल्या, मडक्यात दूध ओततेय. बस, एवढंच. दूध ओतताना तुला मध्येच काही विचारलं तर तू मान न वळवता ‘थांब’ म्हणतेस ना, तस्सा तिचा चेहरा आहे. कुणीतरी तिला काहीतरी विचारलंय आणि ती धार संपेपर्यंत उत्तर देणार नाहीये.

समोर गर्दी होती, पण लोक फोटो काढून पुढे सरकतात. थोडं थांबलं की जागा होते. मग एकेक दिसायला लागलं. खिडकीची एक काच फुटलेली. भिंतीत नुसताच एक खिळा, आणि त्या खिळ्याचीही सावली. बाकी भिंत रिकामी. ती आधी रिकामी नव्हती म्हणे. अलीकडे तपासणी केली तेव्हा रंगाच्या थरांखाली तिच्या मागे भांडी अडकवायची एक फळी सापडली. व्हर्मीरनं ती आधी काढली होती आणि मग स्वतःच पुसून टाकली. माळ्यावरच्या सामानाबद्दल मी काही बोलत नाहीये, बाबा.

‘नाइट वॉच’, म्हणजे ‘रात्रीचा पहारा’, त्याच मजल्यावर आहे, लांबलचक दालनाच्या टोकाला. रेम्ब्राँटचं हे चित्र १६४२चं. हे मात्र खरंच भिंतभर, साडेचार मीटर रुंद. रात्र म्हणतात ती रात्र नव्हेच; वरचं वार्निश काळवंडत गेलं आणि हे नाव चिकटलं. २०१९पासून त्याची तपासणी आणि दुरुस्ती चाललीय, तीही लोकांच्या डोळ्यांदेखत, काचेच्या खोलीत. मला मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. १७१५ मध्ये हे चित्र नगरभवनात हलवलं, तिथं दोन दारांच्या मधल्या जागेत बसेना, म्हणून चक्क चारही बाजूंनी कापलं! डावीकडची दोन माणसं गेली ती गेलीच. मूळ चित्राची एक छोटी नक्कल त्याच काळात झाली होती, तिच्यावरून तरी ती कळतात. बाबा, तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोत कडेचा मामा अर्धा कापलेला असतो, त्याची आठवण येऊन मी एकटीच हसले. शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं.

दुपारी आशियाई कलेच्या दालनात गेले. तिथं नटराज आहे, चोळांच्या काळातला, दीड मीटर उंच. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मूर्ती आतून पोकळ नाही, भरीव आहे. वजन ३०० किलोच्या घरात. हात जोडणारं आजूबाजूला कुणी नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि पटकन जोडले. आई, तुझ्या वतीनंही.

आता खरं काय ते सांगते. दिवसभर मी चित्रांइतकीच बाकं बघत होते. कुठं बसता येतं, कुठून उठलं की पुढचं बाक जवळ आहे, लिफ्ट कुठल्या बाजूला आहे. बाबांचे गुडघे माझ्याबरोबर फिरत होते म्हण ना. ‘दूधवाली’पासून ‘नाइट वॉच’पर्यंत मधे एकही पायरी नाही. मोठ्या चित्रांसमोर बसूनच बघावं, उभ्यानं नुसती मान दुखते.

निघताना इमारतीच्या पोटातून जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ थांबले. तिथून सायकली जातात, खरंच, संग्रहालयाच्या मधोमध! आई, तू तिथं माझा हात घट्ट धरशील, कारण ते लोक घंटी वाजवतात पण वेग कमी करत नाहीत.

बाबा, कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये दोघांचे पासपोर्ट आहेत. मुदत कधी संपते ते बघून मला कळवा.

तुमची,
ताई