शिधा-कपाट भरणाऱ्या मुलामुलींस

प्रिय मुलामुलींनो,

सप्रेम नमस्कार.

गेले वर्षभर तुम्ही दर आठवड्याला आमचे मोफत शिधा-कपाट, म्हणजे गरज असेल त्याने खाण्याचे सामान फुकट घेऊन जावे असे कपाट, भरता आहात. समोरासमोर आभार मानू लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

मी एकटा कपाट पाहत असे तेव्हा आलेले सामान पुढे ठेवायचे आणि दार लोटायचे, एवढीच माझी पद्धत होती. पहिल्याच दिवशी तुम्ही सगळे कप्पे रिकामे केलेत आणि मागच्या रांगेतून मुदत उलटून गेलेली पाकिटे निघाली, तेव्हा मी ओशाळलो. २०२२ साली जगात वाया गेलेल्या सुमारे १०५ कोटी टन अन्नापैकी जवळपास ६० टक्के अन्न घराघरांतले होते, हे वाचून मी इतरांना नावे ठेवली होती. आणि माझ्याच ताब्यातल्या कपाटात तेच चालले होते.

जुने पुढे, नवे मागे, जड सामान तळाशी, ही शिस्त तुम्ही लावलीत. अमुक तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम असे छापलेले असेल तर ती तारीख चवीची व दर्जाची असते आणि वापरण्याची अंतिम मुदत ही सुरक्षिततेची असते, हा फरकही मला तुमच्याकडूनच नीट समजला. तुमच्यातली एक मुलगी प्रत्येक डब्याच्या जोडावरून बोट फिरवते, फुगलेला किंवा जोडावर चेपलेला डबा निमूटपणे बाजूला काढते आणि उरलेल्यांच्या झाकणांवर जाड पेनाने महिना-वर्ष लिहिते, कारण छापील बारीक अक्षरे वयस्कर माणसांना दिसत नाहीत. फाटलेली पिशवी चिकटपट्टी लावून ठेवू या, असे मी सुचवले तेव्हा, "आपण घरी हे वापरले असते का?" एवढेच तिने विचारले. मी गप्प बसलो.

एका गोष्टीवरून आपले वाजले होते, तेही सांगतो. सुरुवातीला तुमच्यापैकी काहींनी सामान नेणाऱ्यांची छायाचित्रे काढली होती. २०१६ मध्ये जेसिका मॅक्लार्ड यांनी अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात रस्त्याकडेला असे छोटे कपाट उभे केले, त्यातही कोणाला नाव-गाव न विचारण्यालाच महत्त्व होते, असे मी जरा चढ्या आवाजात सुनावले. तुम्ही छायाचित्रे तिथल्या तिथे पुसलीत आणि पुढच्या वेळेपासून लोक यायच्या आत कपाट भरून निघून जाऊ लागलात. त्यानंतर संकोचाने लांब उभी राहणारी माणसेही निवांतपणे दार उघडू लागली.

परीक्षेच्या दिवसांतही पाळ्या आपसांत बदलून तुम्ही एकही आठवडा चुकवला नाहीत, याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. आणि दाराची करकरणारी बिजागरी कोणी बदलली, हे मला अजून कळलेले नाही. ज्याने बदलली, त्याचेही आभार.

आपला,
कपाटाचा जुना राखणदार