सेन्सर बदलण्याआधी हे वाच

नाशिक,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, त्यामुळे तुझ्या प्रश्नाला नीट उत्तर देता आले नाही. तुझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला आहे, गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून पी०१७१ हा कोड सांगितला आहे आणि ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून निघणाऱ्या धुरात उरलेला ऑक्सिजन मोजणारा भाग) मागवण्यासाठी आगाऊ रक्कम मागितली आहे, एवढे माझ्या लक्षात राहिले. ती रक्कम तूर्त देऊ नकोस. हाच दिवा, हाच कोड आणि हाच सल्ला दिवाळीनंतर माझ्याही वाट्याला आला होता, आणि तो सल्ला मानून मी घातलेले साडेनऊ हजार रुपये वाया गेले. आपल्या दोघांच्या गाड्या एकाच साच्यातल्या, २००४ सालच्या, १.८ लिटरच्या टर्बो (दाबाने जास्त हवा आत भरणाऱ्या) इंजिनाच्या; माझी लाल आणि तुझी करडी एवढाच फरक. म्हणून झालेला प्रकार पहिल्यापासून लिहितो.

नोव्हेंबरच्या अखेरीस इकडे थंडीने जोर धरला. सकाळी गाडी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटे इंजिन एका लयीत चालत नसे. आरपीएमचा काटा सातशे ते हजारच्या दरम्यान हेलकावे खाई आणि इंजिन गरम झाले की शांत होई. मी ते थंडीवर ढकलले. पुढे एकदा मुंबईहून परतताना कसारा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तेव्हा टर्बो भरल्यावर पाठीला जो रेटा जाणवतो, तो नेहमीसारखा आला नाही. घाट संपून घोटीच्या अलीकडे पोहोचलो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. तो स्थिर होता, लुकलुकत नव्हता, आणि हा फरक तूही नीट पाहून ठेव. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होत आहे, न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटत आहे आणि कन्व्हर्टर जळून निकामी होण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा पाय सैल सोडून गाडी लवकरात लवकर बाजूला घ्यावी. दिवा स्थिर असेल तर घरी येण्याइतका वेळ हाताशी असतो.

दुसऱ्या दिवशी मी ज्या गॅरेजमध्ये गेलो तिथे पाच मिनिटांत कोड वाचला गेला, दहाव्या मिनिटाला निदान झाले आणि दोन दिवसांनी नवा सेन्सर बसला. कोड पुसला, दिवा गेला, मी समाधानाने घरी आलो आणि पाचव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. असे का झाले ते मला नंतर कळले. कोड पुसताना गाडीतल्या संगणकाने इंजिनाविषयी शिकून ठेवलेले सगळे आकडेही पुसले जातात, तो पहिल्यापासून शिकायला लागतो, आणि असा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) दिसल्याशिवाय तो सहसा दिवा लावत नाही. त्यामुळे कोणताही भाग बदलून कोड पुसला तरी काही दिवस दुरुस्ती झाल्यासारखे वाटतेच.

आता त्या कोडविषयी. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग, त्यापुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक असलेला कोड, त्यानंतरचा एक म्हणजे हवा आणि इंधनाचे मोजमाप. पी०१७१ चा पूर्ण अर्थ एवढाच आहे की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत आहे आणि पेट्रोलची ती उणीव भरून काढता काढता संगणकाची मर्यादा संपली आहे. हवा जास्त आहे ही बातमी त्याला ऑक्सिजन सेन्सरने दिली. सेन्सर खोटे बोलत असण्याची शक्यता असते, परंतु ते सिद्ध केल्याशिवाय त्याला काढून टाकणे म्हणजे तार वाईट आली म्हणून पोस्टमन बदलण्यासारखे आहे.

हे मला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी समजावले. त्यांनी गाडी पाहण्याआधीच विचारले, ‘‘कोड पुसला का?’’ या वेळी पुसला नव्हता. कोड पडतो त्या क्षणीची इंजिनाची स्थिती संगणक गोठवून ठेवतो, आणि ती त्यांनी आधी वहीत उतरवून घेतली: इंजिन गरम, गाडी उभी, आरपीएम साडेसातशे, दीर्घकालीन दुरुस्ती अधिक २४ टक्के. ही दुरुस्ती म्हणजे ठरलेल्या प्रमाणापेक्षा संगणक किती जास्त किंवा कमी पेट्रोल देत आहे त्याचा आकडा. मग गाडी चालू ठेवून त्यांनी आयडलिंगला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसते चालू असताना, आकडा पाहिला, तो अधिक २२ होता. पाय देऊन आरपीएम अडीच हजारांवर धरून ठेवले, तेव्हा तो हळूहळू अधिक ९ वर आला. हे दोन आकडे पाहून ते म्हणाले, ‘‘सेन्सर ठीक आहे. कुठूनतरी चोरून हवा आत येते आहे.’’

त्यामागचा हिशोब मला फार आवडला. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असते, मॅनिफोल्डमध्ये (त्या झडपेपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागात) जोराची ओढ असते आणि इंजिनाला हवा थोडीच लागते. अशा वेळी एखाद्या फटीतून न मोजलेली हवा शिरली तर एकूण हवेत तिचा वाटा मोठा होतो. आरपीएम वाढले की हवा कितीतरी पटींनी जास्त लागते आणि तीच फट क्षुल्लक ठरते. लोटीत वाटीभर पाणी जास्त पडले तर लगेच कळते, हंड्यात पडले तर कळत नाही, तसे. याच्या उलट, आयडलिंगला आकडा ठीक आणि पाय दिल्यावर वाढत असेल, तर पेट्रोल पुरे पडत नाही असे समजून पंप आणि फिल्टर तपासायचा, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला आहे का ते पाहायचे. पेट्रोल आणि हवा यांतले नेमके काय चुकते आहे हे एकही स्क्रू न काढता, केवळ दोन आकड्यांवरून कळू शकते.

राहिलेल्या ९ टक्क्यांचे काय, असे मी विचारले. त्याचे उत्तर पेट्रोलमध्येच होते. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलचा १ किलो जाळायला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ किलो पुरते. आपल्या गाड्या ज्या काळात बनल्या त्या काळच्या पेट्रोलच्या हिशोबाने संगणकाची गणिते बांधलेली आहेत, त्यामुळे काहीही बिघाड नसताना त्याला आज आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल सोडावेच लागते. म्हणजे दोष शोधायला सुरुवात करण्याआधीच त्याच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा खर्च झालेला असतो, आणि दहा वर्षांपूर्वी जी लहान फट त्याने निमूटपणे सांभाळून घेतली असती, तिच्यासाठी आज दिवा लागतो. ही गोष्ट माझ्या पहिल्या गॅरेजने विचारात घेतली नव्हती आणि तुझ्याही गॅरेजने घेतली नसावी, असे मला वाटते.

फट शोधण्याची रीतही लिहून ठेवतो, कारण ती तू स्वतः करू शकशील. मिस्त्रींनी स्कॅनर माझ्या हातात दिला आणि मॅनिफोल्डला जोडलेली एकेक रबरी नळी मऊ जबड्याच्या चिमट्याने क्षणभर दाबून बंद करू लागले. मी तात्कालिक, म्हणजे त्या क्षणी होणाऱ्या, दुरुस्तीचा आकडा मोठ्याने वाचत होतो. ब्रेकच्या बूस्टरची नळी दाबली, काही फरक नाही. (ती दाबायची तर गाडी उभी असतानाच, आणि चिमटा लगेच काढायचा.) पेट्रोलच्या वाफा नेणारी नळी दाबली, फरक नाही. मग त्यांनी हात मॅनिफोल्डखाली घालून क्रँककेसच्या ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातल्या तेलाच्या वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणारी) नळी दाबली, आणि आकडा डोळ्यांदेखत चौदा खाली उतरला, इंजिनाचा आवाजही बदलला. आकडा असा उतरला याचाच अर्थ सेन्सर जिवंत होता. जुना सेन्सरही असाच चांगला असणार. तो आता माझ्या कपाटात आहे.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी मला तिथे हात घालायला लावले. दिसत काहीच नव्हते. मॅनिफोल्ड आणि एकाच बाजूने हवा सोडणारा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये नळीचा जेमतेम बोटभर लांबीचा तुकडा आहे. वरून बोट फिरवले तर तो कडक, सुकलेल्या बोंबलासारखा लागला, आणि खालच्या अंगाला बोट अचानक आत रुतले. तिथे रबर तेलाच्या वाफांनी फुगून मऊ पडले होते आणि वळणावर उभी चीर गेली होती. बोट बाहेर काढले तेव्हा त्याला काजळासारखा चिकट काळा थर लागला होता. थंडीत रबर कडक होई तेव्हा चीर उघडी राही, गरम झाल्यावर थोडी मिटे. सकाळच्या हेलकाव्यांचे कारण ते होते.

घाटातल्या मंदावलेल्या पिकअपचे कारणही तीच चीर होती. टर्बो भरल्यावर मॅनिफोल्डमध्ये ओढ उरत नाही, उलट दाब तयार होतो आणि त्याच चिरेतून मोजलेली हवा बाहेर पडते. मग संगणकाच्या हिशोबापेक्षा हवा कमी आणि पेट्रोल जास्त होते. सायलेन्सरच्या तोंडाशी जमलेली काजळी मी कित्येक दिवस पाहत होतो. आयडलिंगला हवा जास्त आणि दाबाखाली पेट्रोल जास्त, अशा परस्परविरुद्ध खुणा पाहून पहिल्या गॅरेजला सेन्सर बिघडला असे वाटले असेल, तर ते मी समजू शकतो. परंतु टर्बो गाडीत या दोन खुणा एकत्र दिसल्या की थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामधली फट आधी शोधायला हवी.

नवी नळी ३४० रुपयांना मिळाली. घेताना तेल आणि पेट्रोल सहन करणारी, आतून कापडी विणीची नळी माग. पाण्याची साधी नळी तेलाने महिन्या-दोन महिन्यांत फुगते आणि ओढीने आत चपटी होते. क्लिपाही नव्या घे. नळी बसवल्यावर मी हट्टाने कोड पुसला नाही. दोष गेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप जातो, आणि मला तो तसाच गेलेला पाहायचा होता. रोज सकाळी गार इंजिनाने निघून त्र्यंबकेश्वर रस्त्याने अंजनेरीपर्यंत जाऊन परत येत होतो. चौथ्या दिवशी किल्ली फिरवली तेव्हा बाकीच्या दिव्यांबरोबर तोही लागला, तसा तो लागायलाच हवा, आणि इंजिन सुरू होताच विझला. त्या दिवशी आकडे पाहिले: आयडलिंगला अधिक ८, अडीच हजारांवर अधिक ८.

तर आता तू एवढे कर. गॅरेजला कोड पुसू देऊ नकोस. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट आहे, त्याला जोडायचा स्कॅनर कोणाकडून तरी आण. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर आपल्या गाडीच्या जुन्या पद्धतीशी कधी कधी बोलत नाहीत, तेव्हा आधी लावून पाहा. गोठवलेले आकडे लिहून घे, मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगचे आणि अडीच हजारांचे आकडे घे. तुझ्या गाडीत तीच नळी फाटली असेल असे मी म्हणत नाही, कदाचित तुझा पंपच दमला असेल, परंतु ते त्या दोन आकड्यांवरून कळेल. रात्री नऊनंतर मी घरीच असतो, आकडे मिळाले की लगेच फोन कर. ती नळी मी दोन फूट घेतली होती, निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. लागली तर कुरिअरने कोल्हापूरला पाठवतो.

काकूंना आणि काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
लाल गाडीवाला मित्र