गणपतीआधी भिंत रंगवायची घाई नको

महोदय,

गणपतीसाठी घर सजवण्याबद्दल आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. ओल आलेल्या भिंतीला चांगल्या प्रतीचा प्लास्टिक रंग द्यावा आणि बुरशी दिसलीच तर ‘व्हिनेगर व ब्लीच’ लावून पुसून घ्यावी, एवढ्यावर तो विषय उरकला आहे. त्यातल्या ‘व’ने माझा जीव दचकला. मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं सहायक होते. ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडनेही तेच होतं, आणि खिडकी बंद असलेल्या एवढ्याशा बाथरूममध्ये तो नाकातोंडात जायला वेळ लागत नाही. कृपया निदान एवढी दुरुस्ती तरी छापा. बाकीचं मी स्वतःचे पैसे घालवून शिकले, ते पुढे लिहिते.

आमची इमारत सहकारनगरमधली, 1986 ची. आम्ही तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. आतल्या खोलीच्या एका कोपऱ्यात लाकडी कपाट आहे. त्याच्या पाठीमागची भिंत पश्चिमेची, बाहेरची. आपल्याकडे पाऊस त्याच बाजूने झोडपतो. कडेची भिंत बाथरूमला लागून. गेल्या श्रावणात सूनबाईच्या मंगळागौरीसाठी शालू काढायला कपाट उघडलं, तर ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास आला. चामड्याच्या पर्सवर हिरवी लव उगवली होती. कपाट ओढून बघितलं, तर मागे वरच्या अंगाला मोहरी उधळावी तसे काळे ठिपके, आणि खाली बाथरूमच्या बाजूला गुडघ्यापर्यंत रंगाला फुगे आलेले. एका फुग्याला नख लावलं, तर आतून चमचाभर पाणी ओघळलं!

ही भिंत तीनच वर्षांपूर्वी ‘डॅम्पप्रूफ’ म्हणून 18 हजार रुपये मोजून रंगवलेली. रंगाऱ्याला तरी किती बोलणार? मी रंग मागितला, त्याने रंग दिला. प्लास्टिक रंगाचा पापुद्रा म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट. पाणी मागच्या बाजूने येत असेल, तर त्या रेनकोटाच्या आत ते साठत राहतं. आमच्या माहेरच्या वाड्यात चुन्याचा गिलावा होता आणि दर दिवाळीला चुन्याची सफेदी. ओल तिथेही यायची, पण भिंत मोकळी असल्यामुळे मार्गशीर्षापर्यंत वाळून जायची.

आता माझी चूक सांगते. वर गच्ची आहे म्हणजे पाणी गच्चीतूनच येणार, असं मी ठरवून टाकलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना खरमरीत पत्र लिहिलं, त्यात आदर्श उपविधींचा, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांचा, दाखलाही दिला: पावसाच्या पाण्याची गच्चीतून होणारी गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. शेवटी त्यांनी गच्चीची पन्हाळी चिंध्यांनी बुजवून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं. आमच्या छताला थेंब आला नाही. कोब्यात मुरलेलं पाणी कधी कधी पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस ठिबकत राहतं, म्हणून मी पुढचे पंधरा दिवस रोज मान वर करून बघत होते. छत कोरडं ते कोरडंच.

मग मी प्रयोगशाळेतल्या सवयीवर गेले. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे वहीच्या पानाएवढे दोन तुकडे घेतले. एक वर ठिपक्यांच्या जागी, एक खाली फुग्यांच्या जागी, रंग खरवडून आणि भिंत पुसून चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवला. दोन दिवसांनी काढले. खालचा तुकडा भिंतीकडच्या बाजूने थबथबलेला. म्हणजे पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. वरचा मात्र भिंतीकडून कोरडा ठणठणीत आणि खोलीकडून दमट. म्हणजे तिथला ओलावा खोलीतल्या हवेचा. एकाच कोपऱ्यात दोन वेगळे आजार, आणि मी दोन्हींवर एकच रंग थापला होता.

खालच्या ओलीभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घातली आणि पाच दिवस ते बाथरूम बंद ठेवलं. ओल रेघेच्या आत सरकली. प्लंबरने नहाणीजवळच्या दोन फरश्या काढल्या, तर खालच्या पाइपाचा सांधा फुटलेला. दुरुस्ती साडेचार हजारांत झाली, आणि ती माझ्याच खर्चाने, कारण संडास-बाथरूममधली अंतर्गत गळती ज्याची त्याने निस्तरायची हेही त्याच उपविधींत आहे. सेक्रेटरींकडे चकल्या घेऊन गेले. ते काही बोलले नाहीत, डबा मात्र रिकामा परत आला.

वरच्या ठिपक्यांचं उत्तर शोधायला रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून घेतला. पावसाळ्यात आम्ही त्या खोलीत दोरीवर कपडे वाळत घालतो. मशीनमधून पिळून निघालेले कपडे भरले 5 किलो 600 ग्रॅम, तेच वाळल्यावर साडेतीन किलो. म्हणजे दोन लिटरहून जास्त पाणी एका दिवसात खोलीच्या हवेत गेलं, आणि खिडक्या बंद, कारण बाहेर पाऊस. दोन तापमापी शेजारी टांगून एकीच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळली; दोन्हींतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. कपडे असताना दोन्हींत जेमतेम दीड अंशाचा फरक, म्हणजे आर्द्रता 88 टक्क्यांच्या घरात. कपडे बाहेरच्या गॅलरीत हलवून पंखा लावला, तर फरक चार अंशांवर गेला, म्हणजे 72 च्या आसपास. (एवढा खटाटोप नको असेल तर काही शे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो.) बुरशीला आळा घालायचा तर आर्द्रता 60 च्या खाली हवी. जुलैच्या पुण्यात एसी किंवा ओलावा शोषणारं यंत्र लावल्याशिवाय ते जमत नाही, पण भिंतीजवळची हवा खेळती ठेवणं तरी आपल्या हातात असतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं. पाऊस उघडतो तेव्हा, दुपारी, खिडक्या समोरासमोर उघडते. पावसाची झड चालू असताना उघडून उपयोग नाही, बाहेरची हवा तेवढीच ओली असते.

ठिपके काढताना मी कोरडा ब्रश मुळीच लावला नाही आणि पंखाही बंद ठेवला, कारण बुरशीचे बीजाणू उडून घरभर पसरतात. एन-95 मास्क, हातमोजे, भांड्यांच्या साबणाचं पाणी. आधी भिंत भिजवून घेतली, मग घासली, पुसली आणि फडकी टाकून दिली. मग टेबलफॅन लावून ती जागा त्याच दिवशी वाळवली. ओली राहिलेली जागा एक-दोन दिवसांत पुन्हा बुरशी धरू लागते. ब्लीच टाइल्सवर ठीक आहे, गिलाव्यावर नाही. तिथे डाग फिका पडतो, आत शिरलेली बुरशी राहते, शिवाय आपण वरून आणखी पाणी पाजतो. आणि मेलेली बुरशीही पुसून काढावीच लागते, तिचाही खोकला होतो. कपाटाची प्लायची पाठ आतपर्यंत काळी पडली होती, ती सरळ काढून टाकली.

भिंतीवर फुटलेली प्रत्येक पांढरी लव मात्र बुरशी नसते. पाण्याचा थेंब लावून ती विरघळली, तर तो लोणा, म्हणजे विटा-सिमेंटातले क्षार. ओल तिथेही असतेच. कापराच्या वड्यांनी आणि डांबरगोळ्यांनी झुरळं-कसर पळते, बुरशीला त्याचं काही सोयरसुतक नाही. कपाटात ठेवायचंच असेल तर कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवावा, तो हवेतलं पाणी ओढून घेतो. आमचा आठ दिवसांत अर्धा भरला होता.

आता वर्ष झालं. खालची ओल बरीच आटली आहे, पण श्रावण लागल्यावर परवा पुन्हा फॉइल लावलं तर भिंतीकडून किंचित दमट निघालं. म्हणून रंगाऱ्याला दिवाळीनंतर यायला सांगितलंय. तोवर तिथे नुसता उघडा गिलावा, आणि त्यावर पेन्सिलीच्या रेघा नि तारखा. जाऊबाई म्हणतात, सणाला घर कसं दिसेल! गौरी यंदा पूर्वेच्या भिंतीला बसवणार आहोत.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
सहकारनगर, पुणे