रोग शंखावर बसून आला रे

प्रिय अव्या,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला आणि पोटात कालवलं. महिनाभर क्वारंटाईन करूनही माशांवर परत पांढरे ठिपके, म्हणजे तोच इच रोग, आणि तू म्हणतोस आता खाऱ्या पाण्याचा टँक विकून टाकतो. थांब जरा, विकू नकोस. माझ्याकडे एप्रिलमध्ये डिट्टो हेच झालंय, तुला तेव्हा फोनवर नीट सांगितलं नाही कारण माझा ब्लू टँग मासा मेला होता आणि बोलायची इच्छाच नव्हती.

टँगला मी पूर्ण ३० दिवस वेगळ्या टँकमध्ये कॉपरमध्ये, म्हणजे तांब्याचं औषध घातलेल्या पाण्यात ठेवला होता, अंगावर एक ठिपका नाही, खातोय मस्त, मग मोठ्या टँकमध्ये सोडला. आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी दुकानातून सहा टर्बो स्नेल, म्हणजे शंख, आणि दोन कोरल फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचे छोटे तुकडे आणले, ते डिप करून, म्हणजे औषधी पाण्यात बुडवून, धुऊन थेट आत टाकले कारण डोक्यात एकच, की रोग माशांना होतो, शंखाला काय होणार! नवव्या दिवशी टँगच्या कल्ल्यांवर मीठ भुरभुरल्यासारखं दिसलं.

बघ, हा इचचा जंतू माशाच्या अंगावर तीन ते सात दिवसच असतो, मग गळून पडतो आणि दगड, वाळू, काच, शंखाचं कवच, जे मिळेल त्याला चिकटून स्वतःभोवती कडक पापुद्रा करून बसतो. त्या पापुद्र्यात तो विभागत राहतो, एकाचे शेकडो होतात, आणि ते बाहेर पडले की एक-दोन दिवसांत मासा शोधतात, नाही मिळाला तर मरतात. बाहेर पडायला साधारण तीन दिवस ते चार आठवडे, पण ७२ दिवसांनी बाहेर आल्याचीसुद्धा नोंद आहे. त्या पापुद्र्यावर डिपचा काही उपयोग नाही. म्हणून तर लोक टँक ७६ दिवस माशांशिवाय रिकामा ठेवा म्हणतात आणि म्हणूनच शंख, कोरल, खेकडा, सगळ्यांनाच वेगळ्या बिनमाशांच्या टबात तेवढे दिवस ठेवायला हवं. माझी खात्री आहे, माझ्याकडे तो स्नेलवरूनच आला. तू पण आठव, मधल्या काळात काय काय टाकलंस? आणि जाळी एकच वापरतोस ना दोन्हीकडे? ओली जाळी, ओला हात, एवढंही पुरतं त्याला.

दुसरी गोष्ट कॉपरची. मी आधी थेंबांच्या किटने मोजायचो, तो निळा रंग बघून काय कळतं सांग. डिजिटल चेकर घेतला तेव्हा कळलं, चिलेटेड कॉपर (औषधातलं बांधून ठेवलेलं तांबं) २ ते २.५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग, हवं आणि माझं १.५ च्या आसपास होतं, म्हणजे नावाचाच उपचार. फिल्टरमधला कार्बन काढून टाक, तो कॉपर ओढून घेतो, आणि लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेले समुद्री दगड, तर अजिबात नको, नुसते पीव्हीसीचे तुकडे लपायला दे. अमोनिया वाढला तर पाणी बदल, नवीन पाण्यात आधी तेवढंच कॉपर घालून. ती अमोनिया मारणारी बाटलीतली औषधं कॉपरसोबत टाकू नकोस, त्याने मासे मरू शकतात.

आणि हो, तुझ्या क्रोमिस माशांवर लाल चट्टे आहेत म्हणालास ते इच वाटत नाही मला, युरोनेमा हा दुसरा जंतू असेल तर तो माशांशिवायही टँकमध्ये जगतो, रिकामा ठेवून जात नाही. त्याचा फोटो पाठव लगेच.

माझे दोन क्लाउन मासे अजून छोट्या टँकमध्येच आहेत, मोठा रिकामा ठेवल्याचा आज ४१ वा दिवस. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर रिकामं पाणी बघवत नाही, आई पण विचारते मासे कधी येणार. पण घाई करणार नाही.

शनिवारी येतो तुझ्याकडे, तोवर एकही मासा हलवू नकोस. चेकर आणतो, जाळी मात्र तुझीच वापरू.

तुझा,
सम्या