भिडायचं सोडू नकोस

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एवढंच म्हणालास, "कोचचा माझ्यावर विश्वास राहिला नाही." पुढे तुझ्याच्याने बोलवेना, म्हणून लिहिते आहे. राखीव म्हणून बाकावर बसणं तुला किती लागलं असेल ते कळतं मला. पण माझी काळजी वेगळी आहे. संघातली जागा जाण्याआधीचे तुझे फुटबॉलचे सामने मी परत पाहिले. चेंडू पायात, फुलबॅक, म्हणजे त्यांचा कडेचा बचावपटू, समोर एकटा, आणि तू चेंडू मागे देऊन मोकळा झालास. तेही पुन्हा पुन्हा. मोसमाच्या सुरुवातीला हाच मुलगा दिसेल त्याच्या अंगावर जात होता.

तेव्हा तुला कोणी ओळखत नव्हतं रे. उजव्या कडेला खेळणारा डावखुरा, आत वळतो आणि डाव्या पायाने मारतो, एवढंसुद्धा समोरच्यांना माहीत नव्हतं. आता प्रत्येक संघ तुझे व्हिडिओ बघून येतो. फुलबॅक आतली वाट अडवून उभा राहतो, तुला मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, उजव्या पायावर ढकलतो, आणि मागून त्याचा मध्यरक्षक धावत मदतीला येतो. त्या दोघांत सापडून तू चेंडू घालवलास, प्रेक्षक ओरडले आणि तू सावध झालास. पण तुझ्यासाठी दोन माणसं ठेवावी लागतात, म्हणजे मैदानात तुझा कोणीतरी जोडीदार मोकळा सुटलेला असतो. त्याला शोध. आणि उजव्या पायाने बाहेरून जाऊन क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर पास, घालायला शीक. क्रॉस साधारण असला तरी चालेल. तू बाहेरूनही जातोस हे एकदा फुलबॅकला कळलं की तो आतली वाट तेवढी घट्ट धरणार नाही.

तुझ्यासारख्या विंगरला, कडेने चढाई करणाऱ्याला, चेंडू गमवावाच लागतो. मधल्या फळीतल्या खेळाडूने पास चुकवू नये अशी अपेक्षा असते, ती रास्त आहे. तुला संघात घेतलंय ते बचाव फोडायला. भिडलास त्यातल्या निम्म्या वेळा जरी सुटलास तरी तो दिवस उत्तम म्हणायचा.

गॅरेथ बेलचं तुला माहीत असेल, तरी सांगते. तो 2007 मध्ये साउदॅम्प्टनहून टॉटनहॅमला गेला. तिथे तो खेळलेल्या पहिल्या 24 लीग सामन्यांपैकी एकही संघाला जिंकता आला नाही. विचार कर, अठरा-वीस वर्षांच्या पोराला कसं वाटलं असेल! मग ऑक्टोबर 2010 मध्ये मिलानला तिथल्या इंटर क्लबविरुद्धचा सामना झाला. टॉटनहॅमच्या गोलरक्षकाला लाल कार्ड, संघ दहा जणांचा, मध्यंतराला 0-4. अशा वेळी कोणीही म्हणेल की आता सांभाळून खेळू, आणखी गोल नकोत. बेल डावीकडून धावतच राहिला आणि उत्तरार्धात त्याने तीन गोल केले. सामना 3-4 असा हरले, पण त्या रात्रीनंतर तो साऱ्या युरोपला ठाऊक झाला. मला त्या गोलांपेक्षा 0-4 असताना घेतलेली ती पहिली धाव मोठी वाटते.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी तुझ्या कोचच्या बाजूने आहे. चेंडू गेल्यावर तू थांबतोस. हात पसरून पंचांकडे बघतोस, तोवर त्यांचा फुलबॅक तुझ्या मागून पुढे निघून गेलेला असतो आणि आपला बिचारा उजवा बचावपटू एकटा दोघांना तोंड देत असतो. पहिली चार-पाच पावलं जीव तोडून मागे धाव. बुकायो साका आर्सेनलमध्ये 2019-20 च्या मोसमात बराच काळ लेफ्ट बॅक, म्हणजे डावा फुलबॅक, म्हणून खेळला. बचाव करणाऱ्याला कशाची भीती वाटते हे त्याला तिथे आतून समजलं असणार, असं मला नेहमी वाटतं. तोही तुझ्यासारखाच, उजवीकडून खेळणारा डावखुरा. 2021 मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडकडून खेळताना एकोणिसाव्या वर्षी त्याची शेवटची पेनल्टी अडवली गेली आणि त्यानंतर लोक त्याच्याशी फार वाईट वागले. 2024 च्या युरोमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंड पिछाडीवर असताना त्यानेच उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने बरोबरी साधली, आणि शूटआउटमध्ये पेनल्टी मारायलाही तो पुढे आला.

मांडीमागच्या स्नायूकडे लक्ष दे. विंगरला सारख्या पूर्ण वेगाच्या धावा घ्याव्या लागतात, त्यामुळे हॅमस्ट्रिंग ही त्याची हमखास दुखरी जागा. फिजिओने दिलेले व्यायाम बाकावर असतानाही चुकवू नकोस. सत्तराव्या मिनिटाला मैदानात उतरवतील तेव्हा अंग गरम नसेल तर पहिल्याच धावेत स्नायू ओढला जातो. ताण जाणवला तर लपवू नकोस. जागा जाईल या भीतीने पोरं बोलत नाहीत आणि मग महिनोन् महिने घरी बसतात.

एजंटने लोनचं, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायचं, काढलं आहे म्हणालास. त्यात कमीपणा मानू नकोस. मोहम्मद सालाहला चेल्सीत फारसं खेळायला मिळालं नाही. 2015 मध्ये तो लोनवर फिओरेंटिनाला गेला, मग रोमाला. 2017 मध्ये लिव्हरपूलला आला आणि पहिल्याच लीग मोसमात त्याने 32 गोल केले. पण फक्त पैसे आणि क्लबचं नाव बघून होकार देऊ नकोस. तिथला कोच विंगर घेऊन खेळतो का, की कडा फुलबॅकवर सोडून देतो? त्या जागेवर आधीच कोण आहे? दुखापत झाली तर उपचार कोण बघणार, तिथला क्लब की आपला? ही उत्तरं एजंटकडून लेखी घे आणि मला पाठव. मी वाचते, मग रविवारी रात्री आपण तिघं मिळून ठरवू.

तुझी,
आई